गुंतवणूक शिकायला काय वाचावं? (फुकटातलं आणि विकतचं)

आकडेमोड (धागाकर्ता)

"शेअर बाजार शिकायचाय, एखादं चांगलं पुस्तक सुचवा" हा प्रश्न इथे सारखा येतो. त्यावर पंधरा जण पंधरा पुस्तकं सांगतात आणि विचारणारा त्यातलं एकही न उघडता यूट्यूबवर निघून जातो. म्हणून हा वेगळा धागा. सगळ्यांनी भर घाला, पण जे स्वतः शेवटपर्यंत वाचलंय तेच सांगा. नुसती नावं नकोत, त्यातलं कोणतं प्रकरण कामी आलं तेही लिहा.

माझं मत आधी मांडतो, मग हाणा. सुरुवात पुस्तकांनी करूच नये. कंपनीचा वार्षिक अहवाल, फंडाची फॅक्टशीट (दर महिन्याचं माहितीपत्रक), आयपीओचा म्हणजे कंपनीच्या पहिल्या जाहीर शेअरविक्रीचा मसुदा हे मूळ कागद फुकट मिळतात आणि पुस्तकं लिहिणारेही तेच वाचून लिहितात. हे कागद वाचताना जिथे अडाल तिथे पुस्तक उघडा. उलट क्रमाने गेलेले लोक मी ऑफिसात रोज बघतो. अमेरिकन गुंतवणूकदार वॉरन बफेची वाक्यं तोंडपाठ, पण स्वतःच्या पोर्टफोलिओतल्या कंपनीवर कर्ज किती हे विचारलं की गप्प.

अगदी कोऱ्या पाटीच्या माणसाने सेबीची, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेची, आर्थिक शिक्षण पुस्तिका वाचावी. मराठीतही आहे आणि एका रविवारी होते. मग एनआयएसएम, म्हणजे सेबीनेच काढलेली आणि रायगडात पाताळगंगेला कॅम्पस असलेली संस्था, गुंतवणूकदारांसाठी एक परीक्षा फुकट घेते ती द्यावी. प्रमाणपत्राला बाजारात काही किंमत नाही, पण परीक्षा म्हटलं की आपला माणूस अभ्यास करतो. त्यापुढे झिरोधा या ब्रोकर कंपनीची व्हर्सिटी ही शिकवणीची साइट. त्यांच्याकडे खातं नसलं तरी सगळं वाचता येतं. फंडामेंटल ॲनालिसिसचा, म्हणजे कंपनीचा धंदा आणि हिशोब तपासण्याचा भाग नीट वाचा. टेक्निकलचा, म्हणजे भावाच्या आलेखांचा भाग लोक आधी वाचतात, कारण त्यात चित्रं आहेत.

पुस्तकांत ग्रॅहमचं 'द इंटेलिजंट इन्व्हेस्टर' (१९४९). सगळं वाचवत नाही, कारण मधली प्रकरणं जुन्या अमेरिकन रेल्वे कंपन्यांनी आणि बाँडांनी भरली आहेत. आठवं आणि विसावं वाचा. आठव्यात बाजाराच्या लहरीपणाकडे कसं बघावं ते आहे, विसाव्यात सुरक्षिततेचं अंतर, म्हणजे शेअर त्याच्या खऱ्या मोलापेक्षा बराच स्वस्त घेणं. खुद्द बफेही याच दोन प्रकरणांकडे बोट दाखवतो. त्याची स्वतःची भागधारकांना लिहिलेली पत्रं १९७७ पासूनची त्याच्या बर्कशायर कंपनीच्या साइटवर फुकट आहेत. इंग्रजी सोपं आणि विनोद भरपूर. आणि आपल्याकडचं म्हणाल तर मुंबईच्या पराग पारिखांचं 'स्टॉक्स टू रिचेस' (२००५). आपल्या बाजारात आपली माणसं कशी वागतात ते त्यात आहे, आणि पुस्तक बारीक आहे.

सांगलीची हळद

वाखु (वाचनखूण) साठवली. पण आकडेमोड, तुमच्या यादीत मराठी काय, तर एक पुस्तिका! माझे सासरे जिल्हा परिषदेतून निवृत्त झाले. हिशोबात पक्के आहेत, इंग्रजी मात्र कामापुरतंच. ग्रॅच्युइटीचे पैसे बँकेत पडून आहेत आणि रोज कुणीतरी नवीन स्कीम घेऊन दारात उभा. त्यांनी काय वाचावं?

डहाळी

@सांगलीची हळद, सासऱ्यांना शेअर बाजार आधी नकोच. रिझर्व्ह बँकेच्या आर्थिक साक्षरतेच्या पुस्तिका द्या. फसवणुकीचे प्रकार एकेका गोष्टीतून सांगितलेत. दर सोमवारी 'लोकसत्ता'त अर्थवृत्तान्त येतो, तो बहुतेक घरी येतच असेल. व्हिडिओ चालत असतील तर सीए रचना रानडे यांचं वेगळं मराठी चॅनल आहे, ताळेबंद समजावण्याची हातोटी चांगली आहे. चॅनल कुणाचंही असो, "कोणता शेअर घ्यावा" प्रकारचे व्हिडिओ वगळा आणि "हे कसं वाचावं" प्रकारचे बघा.

आणि दारात येणाऱ्या स्कीमवाल्यांसाठी त्यांना एक्सेल शिकवा. खरंच सांगतेय. हिशोबात पक्के आहेत म्हणालात ना? समजा कुणी म्हणालं, "वर्षाला पन्नास हजार भरा, वीस वर्षं. शेवटी अठरा लाख." दहा लाखांचे अठरा लाख ऐकायला छान वाटतं. एका रकान्यात वर्षाच्या सुरुवातीचा हप्ता म्हणून उणे ५०००० वीस वेळा लिहा, एकविसाव्या ओळीत अधिक १८०००००, आणि खाली आयआरआरचं (वर्षाला खरा परतावा किती टक्के पडला त्याचं) सूत्र टाका. उत्तर येतं साधारण ५.३ टक्के. हा एक रकाना करायला शिकलेल्या माणसाला एंडोमेंट पॉलिसी (विमा आणि बचत एकत्र असलेली) विकणं अवघड. रकमा दरवर्षी सारख्या नसतील किंवा तारखा मागेपुढे असतील तर एक्सआयआरआर वापरायचं.

आकडेमोड

डहाळी +१. हे मूळ लेखातच यायला हवं होतं.

रोजचा_सौदा

काका लोकांचा धागा दिसतोय. ग्रॅहमच्या काळात ना मोबाइल होता ना मोबाइलवरचे सौदे. आम्हाला एफ अँड ओ (फ्युचर्स आणि ऑप्शन्स, म्हणजे पुढच्या भावावरचे सौदे) शिकायचंय, त्याचं मटेरियल सांगा ना. दहा वर्षं थांबायला वेळ कुणाला आहे? आणि वार्षिक अहवाल वाचून कुणी श्रीमंत झाल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही.

कॉस्ट ऑडिटर

@रोजचा_सौदा, मटेरियल सांगतो. एनआयएसएमच्या सिरीज आठचं, म्हणजे इक्विटी डेरिव्हेटिव्हजच्या परीक्षेचं वर्कबुक. कोरडं आहे, पण कुणी काही विकत नाही त्यात. मार्जिन कसं लागतं, सेटलमेंट कशी होते, ऑप्शनचा प्रीमियम कशाने हलतो, सगळं आहे.

त्याच्या जोडीला सेबीचे स्वतःचे अभ्यास वाचा. सप्टेंबर २०२४ चा अहवाल घ्या. आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या तीन वर्षांत एफ अँड ओ करणाऱ्या एक कोटीहून जास्त वैयक्तिक ट्रेडर्सपैकी ९३ टक्के तोट्यात. खर्च धरून माणशी सरासरी दोन लाखांच्या आसपास तोटा, आणि सगळ्यांचा मिळून १.८ लाख कोटींच्या वर. पुढच्या वर्षी तोट्यातल्यांचं प्रमाण ९१ टक्के. २०२४ च्याच अहवालात एक तक्ता आहे की हा पैसा कुणाकडे गेला. मोठ्या संस्थांच्या स्वतःच्या खात्यावरच्या आणि परदेशी गुंतवणूकदारांच्या नफ्याचा बहुतांश भाग संगणकी अल्गोरिदमच्या सौद्यांतून आलेला. समोर कोण बसलंय ते एकदा बघून घ्या, मग खुशाल सौदा करा.

रोजचा_सौदा

म्हणजे सात टक्के कमावतात. मी त्यातला.

गिरगावचा कारकून

एक कोटी लोक हेच म्हणतात राव :)

कॉस्ट ऑडिटर

आता वार्षिक अहवालाबद्दल. धागाकर्त्यांनी "वाचा" म्हटलं, पण साडेतीनशे पानं कुठून वाचायची? रंगीत फोटोंची पहिली पानं सोडून द्या. अध्यक्षांचं मनोगत शेवटी वाचा, आधी वाचलं की सगळं गोडच दिसतं. सुरुवात लेखापरीक्षकाच्या अहवालापासून करा. तिथे मत निखळ आहे की "अमुक बाब वगळता" असं काही लिहिलंय, ते पहिल्यांदा बघायचं. मग 'की ऑडिट मॅटर्स'. ऑडिटरची झोप कशाने उडाली ते तिथे सभ्य भाषेत असतं. मध्येच ऑडिटर बदलला असेल, त्यातही मुदत संपण्याआधी राजीनामा दिला असेल, तर कारण शोधा. एक्स्चेंजच्या साइटवर त्याचं पत्र असतं.

त्यानंतर रोख प्रवाहाचं पत्रक. नफा आणि कामकाजातून आलेली रोकड शेजारी शेजारी लिहा, किमान पाच वर्षांची. समजा एका कंपनीची विक्री ४०० कोटींवरून ४८० कोटी झाली. वीस टक्के वाढ, बातमी छान छापून येते. पण ग्राहकांकडून येणं ८० कोटींवरून १४५ कोटी झालंय. म्हणजे पूर्वी माल विकल्यावर ७३ दिवसांनी पैसे यायचे, आता ११० दिवस लागतात. नफा ४२ कोटी आणि रोकड आली ६ कोटी. इथे थांबून टिपांमध्ये जायचं आणि येण्याची वयवार फोड बघायची. सहा महिन्यांच्या वरचं येणं किती, त्यात संबंधित पक्षांकडून किती. संबंधित पक्षांच्या व्यवहारांची टीप तर वहीत उतरवूनच घ्या. प्रवर्तकाच्या मेहुण्याची कंपनी, तिला दिलेलं बिनव्याजी कर्ज, तिच्याकडून भाड्याने घेतलेली जागा, सगळी नातीगोती तिथे भेटतात.

ही माहिती स्क्रीनरसारख्या साइटवर दहा वर्षांची एका पानात मिळते. चाळणी म्हणून उत्तम आहे, पण टिपा तिथे नसतात आणि खरी गंमत टिपांत.

सांगलीची हळद

पण ऑडिटरच सामील असेल तर? सत्यम या आयटी कंपनीचं काय झालं?

कॉस्ट ऑडिटर

रास्त शंका. सत्यमचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी ७ जानेवारी २००९ ला लिहिलेलं पत्र नेटवर आहे, दोन-तीन पानांचं. माझ्या मते गुंतवणुकीवरच्या अर्ध्या पुस्तकांपेक्षा ते जास्त शिकवतं. बँकेत ५,३६१ कोटी आहेत असं पुस्तकात, त्यातले ५,०४० कोटी अस्तित्वातच नाहीत. त्यावर ३७६ कोटींचं व्याज येणं दाखवलेलं, तेही खोटं. त्या तिमाहीत नफ्याचं प्रमाण दाखवलं २४ टक्के, प्रत्यक्षात ३ टक्के.

बाहेरच्या माणसाला काय दिसलं असतं? दोन गोष्टी. एवढी रोकड हातात असलेली कंपनी ती भागधारकांना का देत नाही, नुसती साठवून का ठेवते, हा प्रश्न आकड्यांवरूनही पडू शकत होता. आणि डिसेंबर २००८ मध्ये तीच रोकड वापरून प्रवर्तकांच्या घरातल्या मेटास कंपन्या विकत घ्यायचा ठराव आला, तो भागधारकांच्या ओरडीमुळे मागे घ्यावा लागला. संबंधित पक्षांची टीप वाचायची सवय असलेल्यांच्या मनात शंकेची पाल तिथेच चुकचुकली. सगळं पकडता येत नाही हे मान्य. पण एकाच कंपनीत सगळे पैसे ठेवू नयेत हे शिकायला दुसरं पुस्तक नको.

गिरगावचा कारकून

माझी शिफारस जरा वाकडी आहे. इतिहास वाचा. आपल्याच गल्लीतला.

अमेरिकेत यादवी (१८६१-६५) पेटली, तिकडचा कापूस बंद झाला, आणि मँचेस्टरला मुंबईचा कापूस सोन्याच्या भावात जायला लागला. पैसा एवढा आला की ठेवायला जागा नव्हती. मग रोज नवीन बँक, नवीन फायनान्शियल कंपनी, समुद्र बुजवायच्या कंपन्या. बॅक बे रेक्लमेशनच्या शेअरवर सगळं शहर तुटून पडलेलं, प्रेमचंद रायचंद बाजाराचे राजे. युद्ध संपलं, कापूस कोसळला आणि १८६५ च्या जुलैमध्ये शहर झोपलं. बँक ऑफ बॉम्बे त्यातून सावरली नाही, १८६८ मध्ये गुंडाळावी लागली. राजाबाई टॉवर ज्यांच्या देणगीतून उभा राहिला तेच हे प्रेमचंद. दिनशा वाच्छांनी या प्रकरणावर इंग्रजीत एक छोटं पुस्तक लिहिलंय, १९१० च्या सुमाराचं. लाख मोलाचं आहे. कंपन्यांची नावं बदलून आजच्या एसएमई (छोट्या कंपन्यांच्या) आयपीओंच्या बातम्या म्हणून छापलं तरी चालेल.

त्यानंतर १९९२ चा हर्षद मेहता घोटाळा. वेबसिरीज सगळ्यांनी पाहिली, पण सुचेता दलाल आणि देबाशिष बसू यांचं 'द स्कॅम' (१९९३) वाचा. पडद्यावर माणूस दिसतो, पुस्तकात यंत्रणा दिसते: बँकांचे रेडी फॉरवर्ड सौदे (रोखे आज विकून ठरल्या दिवशी परत घ्यायचे), बँक रिसीट (रोख्यांऐवजी दिलेली बँकेची पावती), रोख्यांशिवाय फिरणारा कागद. मग २००१ ची यूएस-६४, ही यूटीआयची म्युच्युअल फंड योजना. यूटीआयने सहा महिने पुनर्खरेदी थांबवली तेव्हा आमच्या चाळीतल्या निम्म्या घरांचे पैसे त्यात होते, "सरकारी आहे" म्हणून ठेवलेले. ही तीन प्रकरणं वाचलेला माणूस तेजीत जरा कमी नाचतो.

अवांतर: दलाल-बसू यांचीच मनीलाइफ फाउंडेशन मुंबईत गुंतवणूकदारांसाठी फुकट कार्यक्रम घेते. मुंबईकरांनी लक्ष ठेवा.

जर्सीकर

न्यू जर्सीतल्या एडिसनहून. गिरगावकर, मस्त लिहिलंय.

इथे राहणाऱ्यांनी एकच माणूस वाचला तरी पुरे, जॉन बोगल. १९७६ मध्ये त्याच्या व्हॅनगार्ड कंपनीने सामान्य माणसासाठी इंडेक्स फंड (निर्देशांकातलेच शेअर घेऊन बसणारा) काढला तेव्हा लोक हसले होते. 'द लिटल बुक ऑफ कॉमन सेन्स इन्व्हेस्टिंग' दोन बैठकांत होतं, आणि खरं सांगायचं तर पहिल्या पन्नास पानांनंतर तोच मुद्दा पुन्हा पुन्हा येतो: खर्च कमी ठेवा. मूल्यमापन खोलात शिकायचं असेल तर न्यूयॉर्क विद्यापीठाच्या स्टर्न स्कूलमधले अस्वथ दामोदरन. त्यांची वर्गातली लेक्चर्स आणि एक्सेल फायली सगळं मोफत आहे.

अमेरिकेतल्या मराठी मंडळींसाठी एक सूचना, कारण दर दिवाळी मेळाव्यात हा प्रश्न निघतो. गावाकडच्या एजंटच्या आग्रहावरून भारतातले म्युच्युअल फंड घेऊ नका, आधी पीएफआयसीचे (परदेशी गुंतवणूक कंपन्यांवरच्या अमेरिकन कराचे) नियम आणि फॉर्म ८६२१ च्या सूचना वाचा. इथल्या करखात्याच्या लेखी ते परदेशी फंड, आणि कर व कागदपत्रं दोन्ही नको होतात.

डहाळी

बोगलचा मुद्दा आपल्याकडे किती लागू पडतो त्याचं गणित देते. आपल्याकडे १ जानेवारी २०१३ पासून प्रत्येक फंडाचा डायरेक्ट प्लॅन आहे. तोच फंड, तोच मॅनेजर, फक्त वितरकाचं कमिशन नाही. दहा लाख वीस वर्षं १२ टक्क्यांनी वाढले तर साडेशहाण्णव लाख होतात. खर्चापायी एक टक्का गेला आणि ११ टक्केच पडले, तर साडेऐंशी लाखांच्या आसपास. एका टक्क्यामागे जवळपास सोळा लाख. हे कोणत्याही जाहिरातीत मोठ्या अक्षरात नसतं, फॅक्टशीटमध्ये 'टीईआर'च्या (फंडाच्या एकूण खर्चाच्या टक्केवारीच्या) रकान्यात असतं. निर्देशांकाशी तुलना करताना लाभांश धरलेला, म्हणजे टीआरआय, निर्देशांक घ्या. त्याचा जुना डेटा निफ्टी इंडायसेसच्या साइटवर फुकट उतरवता येतो.

चांगला वितरक असेल तर त्याला त्याचं कमिशन जरूर मिळावं. पडझडीत फोन करून "विकू नका" म्हणणारा माणूस स्वस्तच पडतो. पण आपण किती देतोय ते माहीत असावं.

मुक्काम पोस्ट सातारा

कोर्सबद्दल कुणी बोलेल का? आमच्याकडे एका हॉटेलात फुकट सेमिनार झाला. शेवटी कळलं, खरा कोर्स तीस हजारांचा, आणि "आज भरलेत तर पंधरा". सोबत टेलिग्रामचा ग्रुप. आमच्या कॉलनीतल्या तिघांनी भरले.

आकडेमोड

सातारकर, दोन प्रश्न विचारा. पहिला: सेबीचा नोंदणी क्रमांक काय? गुंतवणूक सल्लागाराचा आयएनए ने सुरू होतो, रिसर्च ॲनालिस्टचा आयएनएच ने. सेबीच्या साइटवर नाव घालून जुळतोय का पाहा, नुसता पोस्टरवर छापलेला चालत नाही. "आम्ही फक्त शिकवतो" म्हणाले तर दुसरा: मग चालू भाव कसे दाखवता? जानेवारी २०२५ मध्ये सेबीने स्पष्ट केलं की केवळ शिक्षण देणाऱ्याने मागच्या तीन महिन्यांतले भाव वापरून कोणत्याही शेअरबद्दल बोलू नये. उद्या काय घ्यायचं ते सांगणारा ग्रुप म्हणजे वर्ग नव्हे, सल्लाच.

तीस हजारांत व्हर्सिटीवर नाही असं काय शिकवणार होते, तेही त्या तिघांना विचारून इथे लिहा. मला खरंच उत्सुकता आहे.

सांगलीची हळद

आयपीओचा मसुदा कुठून वाचायचा तेही सांगा. नवऱ्याला त्याचंच वेड आहे. ग्रे मार्केटचा प्रीमियम (नोंदणीआधी खाजगीत चाललेला वरचा भाव) सोडून काही बघत नाही.

कॉस्ट ऑडिटर

डीआरएचपी, म्हणजे हाच मसुदा, सेबीच्या साइटवर असतो, चारपाचशे पानं. ताई, त्यांना तीन जागा दाखवा. एक, पैसा कशासाठी हवाय. ऑफर फॉर सेल (जुन्या भागधारकांचेच शेअर विकणं) असेल तर तो पैसा कंपनीत जातच नाही, विकणाऱ्याच्या खिशात जातो. दोन, प्रवर्तकांना आणि जुन्या गुंतवणूकदारांना शेअर सरासरी किती रुपयांना पडला. ११ रुपयांना पडलेला शेअर तुम्हाला ४२० ला देत असतील तर निदान माहीत असू द्या. तीन, जोखीम घटक. पहिले दहा तरी वाचा, कारण ते कंपनीचेच नाइलाजाने दिलेले कबुलीजबाब असतात. "आमची ६२ टक्के विक्री एकाच ग्राहकाला आहे" असली वाक्यं तिथे सापडतात.

रोजचा_सौदा

बरं, एक प्रस्ताव. तुम्ही एवढं अहवाल अहवाल करताय, तर एक अहवाल इथेच मिळून वाचू या. दर आठवड्याला एक भाग. मी पण येतो. बोअर झालं तर उठून जाईन.

आकडेमोड

चालेल! कंपनी तुम्हीच सुचवा. बँक आणि विमा नको, त्यांचा ताळेबंद वेगळा असतो. शक्यतो दुकानात माल दिसतो अशी, म्हणजे सगळ्यांना धंदा कळेल.

गिरगावचा कारकून

रंगाची नाहीतर बिस्किटाची घ्या. आणि पहिल्या आठवड्यात ऑडिटरचा अहवालच, ते मनोगत नको.

सांगलीची हळद

मी सासऱ्यांना बसवते सोबत. पण पानांचे आकडे छापील धरायचे की पीडीएफचे? मागे एकदा शोधत बसले होते तर सापडेचना.

कॉस्ट ऑडिटर

पीडीएफचे धरा. बऱ्याच अहवालांत समोरासमोरची दोन पानं एकत्र स्कॅन केलेली असतात, त्यामुळे छापील आकडा जुळत नाही. आणि स्वतंत्र व एकत्रित (उपकंपन्या धरून) अशी दोन वित्तीय पत्रकं असतील, त्यातलं एकत्रितच उघडा. नाहीतर निम्मे लोक एका तक्त्यावर आणि निम्मे दुसऱ्यावर भांडत बसतील.